दाव्यासकट आणलेली गाडी

ही घटना खरी आहे.

खोटी असती तर नीट सजवून सांगितली असती. अमावस्या टाकली असती, वडाचं झाड टाकलं असतं, पांढऱ्या साडीतली एखादी बाई उभी केली असती. इथे तसलं काहीच नाही. इथे आहे ती थुंकी.

तेव्हा जेवत असाल तर आधी जेवून घ्या.

हे घडलं माझ्या चुलतभावासोबत, विपुलसोबत. गेल्या वर्षीचा मे महिना. जागा म्हणाल तर बडनेरा, अमरावती आणि शेवटी अकोला. आणि वेळ रात्रीची नाही. भर दुपारची. मे महिन्यात आमच्याकडे दुपारी रस्त्यावर कुत्रंही फिरकत नाही. मग भुताने तरी रात्र होईपर्यंत कशाला ताटकळावं?

बडनेऱ्याच्या बाहेर विपुलच्या घरचा मोगऱ्याचा मळा आहे. त्याचे वडील उत्तमराव फुलं पिकवतात. विपुल ती अमरावतीच्या दुकानांत पोचवतो आणि लग्नसराईत नवरदेवांच्या गाड्या सजवतो. दुसऱ्यांच्या गाड्यांना हार बांधून बांधून त्याला स्वतःची गाडी हवीशी झाली.

त्याआधी हवीशी झाली होती प्राजक्ता.

प्राजक्ता अमरावतीत दातांच्या दवाखान्यात असिस्टंट आहे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांची तोंडं पाहते. तिचे वडील खर्र्याने गेले. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून तळहाताखाली घोट घोट घोटलेला विदर्भाचा प्राणवायू. आमच्याकडे माणूस नाव विचारायच्या आधी पन्नी पुढे करतो. विपुलही खायचा. बेसुमार खायचा. तो हसला की विटांची भट्टी उघडल्यासारखं वाटायचं.

साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या आधी प्राजक्ताने त्याला एवढंच सांगितलं होतं.

"खर्रा सोड, नाईतर मले सोड. आन लपून खाशील तर मले कळते बरं. माह्या बापानं जनमभर लपूनच खाल्ला."

विपुलने सोडला.

खरंच सोडला. तोंड रिकामं रिकामं वाटायचं, रागाच्या भरात त्याने एकदा आख्खा हार चावला. पण सोडला. साक्षगंध झालं. पेरणीच्या आधी, जूनमध्ये लग्न ठरलं.

आणि मग त्याने गाडी आणली.

जुनी, पांढरी, इलेक्ट्रिक. अकोला पासिंग. एजंट म्हणाला, "डॉक्टरची गाडी हाय भाऊ. मॅडमच चालवत होत्या." जुनी गाडी नेहमी डॉक्टरचीच असते. आपल्याकडचे डॉक्टर पेशंट कधी तपासतात कोण जाणे, सगळा वेळ गाड्या विकण्यातच जात असावा.

कागदावर मालकाचं नाव होतं देवानंद. मालक काही भेटला नाही. एजंट फक्त चार्जिंगची केबल द्यायला काचकूच करत होता. म्हणे मालकाच्या घरून निरोप आहे, केबल आमची आम्हाला ठेवू द्या. विपुल भांडला. गाडीची केबल गाडीसोबत. शेवटी घेतलीच. त्या दिवशी त्याला आपण फार हुशार आहोत असं वाटलं.

अकोल्याहून परत येताना मूर्तिजापूर मागे पडलं आणि मागच्या सीटवरून पहिल्यांदा तो आवाज आला…

चुर्र… चुर्र… चुर्र…

विपुलने मागे पाहिलं.

कोणी नव्हतं.

पेट्रोलची गाडी असती तर हे ऐकूच आलं नसतं. इंजिनाच्या घरघरीत माणसाला स्वतःची अक्कल ऐकू येत नाही. पण या गाडीला इंजिनच नाही. आतली शांतता अशी, की खिशातली किल्ली हलली तरी कळावं. त्या शांततेत कोणीतरी पन्नी चोळत होतं. हळूहळू. मन लावून. मध्येच थांबून, तळहात झटकून, पुन्हा.

ज्याने आयुष्यात खर्रा घोटलाय, त्याला हा आवाज झोपेतही ओळखू येतो.

विपुलने गाणी लावली.

दुसऱ्या दिवशी त्याने गाडी मनोजला दाखवली. मनोज आधी विहिरींच्या जळालेल्या मोटरी भरून द्यायचा. आता मोबाईलवर व्हिडिओ पाहून इलेक्ट्रिक गाड्या करतो. त्याचं म्हणणं एकच, मोटर म्हणजे मोटर, विहिरीत असो का गाडीत.

"क्लिप ढिली असन," मनोज म्हणाला. "जुन्या गाडीचं असंच राहते. आवाज नसला का सगळंच वाजते."

त्याने सगळ्या क्लिपा आवळल्या.

तिसऱ्या दिवसापासून गाडी सकाळी सुरूच होईना. मोठी बॅटरी भरलेली, पण बारा व्होल्टची छोटी बॅटरी पार मेलेली. छोटी मेली की मोठीला कोणी विचारत नाही. मनोजने नवीन टाकली. तीही रात्रीतून उतरली. आणखी एक टाकली. तीही.

"गाडी बंद असतानी काईतरी चालू राहून राहिलं," मनोज म्हणाला. "काचंची मोटर गरम लागून राहिली. काच तर खाली करून ठेवत नाईस ना?"

विपुल काच बंद करूनच गाडी लावायचा. त्या दुपारी तो जेवण सोडून गोठ्याच्या सावलीत बसला आणि गाडीवर नजर लावून राहिला. गाडी कुलूपबंद. चावी त्याच्या मुठीत. ऊन असं, की पत्रा तडतडत होता.

बराच वेळ काही झालं नाही.

मग ड्रायव्हरच्या बाजूची काच…

हळूच चार बोटं खाली गेली.

एक क्षण थांबली.

आणि आतून बाहेर, थेट मातीत, पिचकारी आली.

काच वर गेली.

विपुल उठून जवळ गेला. दारावर लाल ओघळ होता. ताजा. उन्हातही ओला. त्यात सुपारीचे कण होते, आणि ते कण चावलेले होते. ओघळाला फेस होता. फेसातला एक बुडबुडा त्याच्या डोळ्यांदेखत फुटला.

तो ओकला. मोगऱ्याच्या वाफ्यात ओकला, म्हणजे त्या दिवसाची फुलंही गेली.

यानंतर एसी. एसी लावला की तोंडावर वास यायचा. सडकी सुपारी, ओला तंबाखू आणि खाली कुठेतरी त्याहून वाईट काहीतरी. शिळ्या जखमेवरची पट्टी उघडल्यावर येतो तसला. मनोजने समोरच्या खणामागून एसीची जाळी ओढून काढली. तिच्यात धूळ असते, पाला असतो, फार तर उंदराचं घर असतं. या जाळीच्या घडी-घडीत लाल चिकट साय साचली होती. मनोजने बोट लावलं. बोट वर उचललं तर तार आली. लांब. तुटेना.

ती तार तशीच धरून मनोज म्हणाला, "भाऊ, तू खर्रा सोडला ना?"

"सोडला."

"मंग हे कोणाचं हाय?"

"मले काय माईत बे!"

"अजून गरम हाय," मनोज म्हणाला, आणि बोट पुसायला कपडा शोधायला लागला. कपडा सापडेपर्यंत त्याने ते बोट अंगापासून असं लांब धरलं होतं, जणू ते दुसऱ्या कोणाचं आहे.

दोन दिवसांनी चार्जिंग बंद पडलं. मनोजने चार्जिंगच्या तोंडात टॉर्च मारला. पिना पांढऱ्या झाल्या होत्या. त्याने खरवडून हुंगलं.

"चुना हाय."

"काय?"

"चुना. खायचा." मनोजचा चेहरा अगदी गंभीर होता. "भाऊ, तुले एजंटनं चुना लावला म्हंतात ना, तो हा असा लावते हे मले माईत नव्हतं."

पिना खरवडल्यावर चार्जिंग सुरू झालं, पण विपुलला हसू आलं नाही. कारण त्या दिवशी प्राजक्ता पहिल्यांदा गाडीत बसणार होती.

त्याने गाडी धुतली. सीटवर मोगऱ्याचे गजरे टाकले. दारातल्या कप्प्यात पाण्याची नवी सीलबंद बाटली ठेवली. दवाखान्यासमोरून प्राजक्ताला घेतलं. ती बसली, हसली, म्हणाली, "चांगली हाय रे गाडी. आवाजच नाई."

मग तिचं नाक हललं.

 तिने बाटली उचलली. झाकणाचं सील तसंच होतं. तिने ते कटकन फिरवलं आणि ओठाला लावणार, तेवढ्यात थांबली…

बाटलीत पाणी नव्हतं.

काठोकाठ लाल होतं. वर फेस, खाली गाळ. आणि गाळातून एक पांढरट पापुद्रा हळूहळू वर येत होता. दातांच्या दवाखान्यात काम करणाऱ्या मुलीला तो कशाचा आहे हे सांगावं लागत नाही. तो तोंडाच्या आतल्या कातडीचा होता.

प्राजक्ताने झाकण लावलं. बाटली जागेवर ठेवली. हात ओढणीला पुसले. बराच वेळ पुसत राहिली.

"तोंड उघड."

विपुलने उघडलं.

"थुंकून आला असशील."

"नाई वं! मी खाल्लाच नाई. गाडी खाऊन राहिली."

"कोण?"

"गाडी."

प्राजक्ताने त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"विपुल, माह्या बापानं लय नावं घेतली. मित्राचं घेतलं, सायबाचं घेतलं, एकदा तर माह्या मायचं घेतलं. पन गाडीचं नाव घेणारा तू पयला."

तिने बोटातली साक्षगंधाची अंगठी काढून समोर ठेवली.

"हे राहू दे इथं. तू खरं बोलून राहिला असं मले दिसलं, तर घालीन. नाईतर तुह्या गाडीलेच घाल."

ती उतरून ऑटोने गेली.

घरी येऊन विपुल ओट्यावर बसला. उत्तमराव फुलं तोडून आले होते. त्यांना सगळं सांगितलं. भुताला उत्तमराव घाबरत नाहीत. त्यांना फक्त मोगऱ्यावरच्या करप्याची भीती वाटते. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि भलताच प्रश्न विचारला.

"दावं कोणाजवळ हाय?"

"कशाचं दावं, बाबा?"

"अबे, बैल घेतला का आपन काय करतो? बैल आणतो, दावं त्याचं त्याले ठेवू देतो. नवं दावं आपलं घरून नेतो. जुन्या दाव्यासकट जनावर आणलं तर अर्धा जीव तिकडंच राहते. मंग कधी जनावर तिकडं पयते, कधी धनी इकडं येते."

"गाडीले दावं नसते, बाबा."

उत्तमरावांनी भिंतीवरच्या सॉकेटकडे बोट केलं. तिथून काळी केबल निघून गाडीच्या तोंडात गेली होती.

"हे मंग काय हाय?"

विपुल त्या केबलकडे पाहत राहिला. एजंट काचकूच करत होता. घरून निरोप होता. आमची आम्हाला ठेवू द्या.

"भांडून आणली म्हंतो," उत्तमराव म्हणाले. "शाबास. वापस करून ये."

जायच्या आधी विपुलने प्राजक्ताला फोन केला. ती नाही म्हणेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "येते. पन मी मांग बसते. तू समोर. तुहं तोंड मले आरशात दिसलं पायजे."

आणि खरंच तिने बडनेऱ्याच्या नाक्यावर आरसा स्वतःच्या हाताने फिरवून त्याच्या तोंडावर लावला. मग आपला उन्हाचा दुपट्टा काढून त्याच्या नाका-तोंडावर घट्ट बांधला. गाठ मागे, तिच्या हाताशी. रस्त्यावरची सगळीच माणसं तोंड बांधून असतात, त्यामुळे कोणाला काही वाटलं नाही. एका माणसाला पंचनामा करून अकोल्याला नेलं जात आहे, हे ओळखणं अवघड होतं.

एसी बंद ठेवला. काचा बंद ठेवल्या. दोघंही घामाने निथळत होते.

कुरूमच्या पुढे सुरू झालं…

चुर्र… चुर्र…

प्राजक्ता दचकली. आवाज तिच्या शेजारून येत होता. तिच्या मांडीपासून वीतभर अंतरावरून. सीटची गादी तिथे दबलेली होती.

चोळणं थांबलं. पन्नी उघडल्याचा आवाज झाला. मग थोडी शांतता.

मग चावणं.

ओलं, सावकाश, तोंड उघडं ठेवून चावणं. गालात फिरवणं. जिभेने दातांतलं उकरणं. थुंकी गोळा करणं. एखादा माणूस आपल्या कानाजवळ तोंड आणून खातो ना, तसं. पण श्वास नव्हता. नुसतं तोंड चालू होतं. त्याच्या मागे माणूस नव्हता.

प्राजक्ता आरशात पाहत होती. दुपट्ट्यावर विपुलचे डोळे. दुपट्टा हलत नव्हता.

आवाज सरकला. तिच्या शेजारून पुढे गेला. विपुलच्या खांद्याशी गेला.

पुढची काच चार बोटं खाली आली…

विपुल ओरडला, "काच वर कर! तुही काच!"

पण प्राजक्ताची काच आपोआप खाली आली होती. एसटीत खिडकीजवळ बसणाऱ्या प्रत्येक माणसाला पुढे काय होतं ते माहीत आहे. पुढच्या खिडकीतून निघालेली पिचकारी वाऱ्यावर वळली आणि मागच्या खिडकीतून आत आली.

तोंडावर. ओठांवर. थोडी ओठांच्या आत.

गाडी रस्त्याच्या कडेला थांबली. प्राजक्ता बाहेर पडून इतकी ओकली, की शेवटी नुसतं पित्त निघत होतं. विपुलने बाटल्याच्या बाटल्या पाणी तिच्या तोंडावर ओतलं. मग तिने त्याचा दुपट्टा सोडला आणि आतून तपासला.

कोरडा होता.

"तू खरं बोलून राहिला होता," ती म्हणाली, आणि पुन्हा ओकायला लागली.

अंगठी तिने तिथेच घातली. पण घालताना म्हणाली, "हे घाण आपल्या घरी येता कामा नये. आन विपुल, आज मी तुह्यावर भरोसा टाकला. बस."

अकोल्यात पत्ता शोधत ते देवानंदच्या घरी पोचले. साधं घर, समोर पोर्च, दारात तुळस. विपुलने वाटेत ठरवूनच ठेवलं होतं, काय बोलायचं ते. गाडी झपाटलेली म्हणजे मालक गेलेला. हे शेंबडं पोरही सांगेल.

दार एका बाईने उघडलं. देवानंदची बायको, शकुन. विपुलने हात जोडले, मान खाली घातली.

"लय वाईट झालं वहिनी. कधी गेले देवानंदभाऊ?"

शकुनवहिनींनी त्याला खालून वर पाहिलं.

"कुठं जातीन? हे काय, बसले सोफ्यावर."

सोफ्यावर खरंच एक माणूस बसला होता. धडधाकट. नाकाखालून छातीपर्यंत टॉवेल बांधलेला. त्याने विपुलला हात केला.

विपुलने आयुष्यात पहिल्यांदाच एका जिवंत माणसाच्या बायकोचं, त्याच्यासमोर सांत्वन केलं होतं. पण पळून जायची सोय नव्हती, कारण मागे प्राजक्ता उभी होती आणि तिने तो टॉवेल पाहिला होता. टॉवेल सपाट होता. हनुवटी असते तिथे काही नव्हतंच.

"जबडा काढला," शकुनवहिनी म्हणाल्या. जणू कुणाचा दात काढला. "नागपूरले ऑपरेशन झालं. मिक्सरमंदी फिरवून नळीनं देतो सगळं. बोलते, पन मलेच समजते."

"खर्रा?" प्राजक्ताने विचारलं.

"ऑपरेशनले जातानीही गाडीत खाऊन राहिले होते. मी म्हनलं, आता तरी थुंका. तर काच खाली केली, थुंकले, आन म्हने हे शेवटचं."

बाहेर पोर्चमध्ये विपुलने आल्या आल्याच गाडी चार्जिंगला लावली होती. त्याच केबलने, त्याच जुन्या सॉकेटला. परत जायचं तर भरून घेणं भाग होतं.

आणि तेवढ्यात…

चुर्र… चुर्र… चुर्र…

बंद गाडीतून. घरात ऐकू येईल इतकं स्पष्ट.

शकुनवहिनींनी डोळे मिटले. "यासाठीच विकली होती," त्या म्हणाल्या. "तरी एजंटले सांगतलं होतं, दावं देऊ नका म्हनून."

सोफ्यावर देवानंदचा उजवा हात हलायला लागला होता. डाव्या तळव्यावर. मागे-पुढे. अगदी त्याच तालात. बाहेर चोळणं थांबलं की हात थांबायचा. सुरू झालं की सुरू.

विपुलला राहवलं नाही. "वहिनी, ते जे कापलं नागपूरले… त्याचं काय केलं?"

"विचारलंच नाई," शकुनवहिनी म्हणाल्या. "काय विचारू? आमचा जबडा वापस द्या म्हनू?"

मग विपुलच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. देवानंद मेला नव्हता. त्याचा जबडा मेला होता. बाकीचा माणूस जगला आणि तोंड तेवढं भूत होऊन आपल्या सवयीच्या जागी येऊन बसलं. इतकी फालतू गोष्ट त्याने कधी ऐकली नव्हती. आणि इतकी भीती त्याला कधी वाटली नव्हती.

टॉवेलमागून देवानंद काहीतरी बोलला. ओला, घोळलेला आवाज.

शकुनवहिनींनी मान वळवली.

तो पुन्हा बोलला.

"काय म्हंतात?" प्राजक्ताने विचारलं.

"म्हंते… माहं हाय. मले देऊन द्या."

"गाडी?"

"गाडी नाई," शकुनवहिनी म्हणाल्या.

देवानंद उठला. पोर्चमध्ये गेला. गाडीचं दार उघडून ड्रायव्हरच्या सीटवर बसला आणि दार ओढून घेतलं. काचा आतून आपोआप वर गेल्या. एका मिनिटात त्यांच्यावर वाफ धरली, जणू आत पुष्कळ माणसं श्वास घेत होती.

आवाज थांबला.

बाहेर तिघं उभे होते. उन्हाची झळ तोंडावर येत होती. 

दार उघडलं. देवानंद उतरला. त्याचे डोळे हसत होते. नुसते डोळेच हसू शकत होते, पण ते पूर्ण हसत होते. त्याने स्वतःच्या हाताने सॉकेटमधली केबल काढली, तिची गुंडाळी केली आणि छातीशी धरून घरात निघाला. जाताना टॉवेलच्या खालच्या कडेवरून त्याच्या शर्टावर काहीतरी टपकलं.

लाल.

आणि सपाट टॉवेल…

आता तितकासा सपाट नव्हता.

प्राजक्ता मागे वळली आणि तुळशीपाशी ओकली. तिसऱ्यांदा. लोकांच्या तोंडात रोज हात घालणारी मुलगी.

परतीच्या वाटेवर गाडी एका चार्जिंग स्टेशनवर भरून घेतली. गाडीत चावणं नाही, चोळणं नाही. एसी लावला तर नुसता धुळीचा वास आला. विपुलला तो अत्तरासारखा वाटला. मनोजने नवी केबल आणून दिली, पिना घासून दिल्या, नवी जाळी बसवली. छोटी बॅटरी पुन्हा कधी उतरली नाही. मनोज आता सगळ्यांना सांगतो की त्याने गाडीचा मूळ दोष शोधून काढला.

लग्नाला थोडेच दिवस उरले होते. एका दुपारी विपुल आणि प्राजक्ता खरेदीला निघाले होते. अमरावतीचा रस्ता, मागच्या सीटवर पिशव्या, प्राजक्ता शालूबद्दल बोलत होती. विपुलचा फोन वाजला. त्याने कानाला लावला.

शकुनवहिनी होत्या. हळू आवाजात बोलत होत्या.

"भाऊ, तुमी घेऊन जा ते. हात जोडतो तुमाले. रात्रंदिवस चावून राहिले. नळी काढून फेकली. टॉवेल सोडू देत नाई. भाऊ, त्याइले जबडा नाई… मंग चावून कोण राहिलं?"

मागून आवाज येत होता.

ओला. सावकाश.

"आन आता," शकुनवहिनी म्हणाल्या, "मले म्हंते, तू बी घे थोडा."

विपुलने फोन कापला. नंबर ब्लॉक केला.

"कोण होतं?" प्राजक्ताने विचारलं.

"कोणी नाई. राँग नंबर."

"बरं," प्राजक्ता म्हणाली, आणि पुन्हा शालूबद्दल बोलायला लागली.

खरं सांगत होता तेव्हा तिने त्याचं तोंड उघडून पाहिलं होतं, दुपट्ट्याने बांधलं होतं. हे मात्र तिने तसंच गिळलं.

लग्न झालं. चांगलं झालं. जेवण उत्तम होतं.

पण दुसऱ्या दुसऱ्या नंबरांवरून फोन अजून येतात. प्राजक्ता दवाखान्यात असते तेव्हा, दुपारी. विपुल उचलतो. पलीकडे शकुनवहिनी आता काही बोलत नाहीत. फोन नुसता कुठेतरी धरून ठेवतात. की खाली ठेवतात. की त्याही आता…

ते माहीत नाही. ऐकू येतं ते फक्त चावणं. कधी एकाचं. हल्ली दोघांचं.

विपुल फोन ठेवत नाही. शेवटपर्यंत ऐकतो. का, म्हणून मी त्याला विचारलं, तर त्याने मातीत काडीने रेघा ओढल्या. मग म्हणाला, "किळस येते रे. लय किळस येते."

आणि मग अगदी हळू आवाजात बाकीचं सांगितलं.

ऐकताना त्याच्या तोंडाला पाणी सुटतं.